पुडीचं दही लागलं का

लातूरच्या दवाखान्यात वहिनींना भेटून मी रेल्वेनं परळीला परतलो, स्टेशनाबाहेर रिक्षात पाय ठेवला आणि गौरीचा फोन आला. गौरी माझी मुलगी. काकूच्या उशाशी तीच थांबली होती. "बाबा, काकू गेली," एवढंच म्हणाली. रिक्षावाला विचारत होता, कुठं जायचं. मला सांगता येईना... घरी, दुकानात, की परत लातूरला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, वैताग आला. कारण त्याच सकाळी आमचं भांडण झालं होतं. नर्सबाईंनी एक इंजेक्शन आणलं. ते थंड ठेवायचं असतं. वहिनींनी पडल्या पडल्या हात पुढं केला, ती छोटी बाटली गालाला लावली आणि म्हणाल्या, "हे कोमट हाय. दुसरं आणा." नर्सबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, "वहिनी, तुमी आता पेशंट हायत. गुपचूप घ्या की." तर म्हणाल्या, "पेशंट हाय म्हणूनच म्हणते." दुसरी बाटली आली, तीही गालाला लावून झाली, मग इंजेक्शन झालं. मी निघताना "येतो" म्हणालो तर डोळे न उघडता म्हणाल्या, "दुकानातला फ्रिज डिफ्रॉस्ट करा, भाऊजी. बर्फ लई साचलाय." एवढ्या वर्षांच्या नात्यात शेवटचं वाक्य म्हणून माझ्या वाट्याला हे आलं.

त्या जाऊन आता काही आठवडे झाले. दिवसकार्य म्हणून आमच्यात होते ती शिवगणाराधना झाली, पाहुणे गेले, आणि पेपरच्या पुरवणीसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला. लोकांनी वहिनींबद्दल जे काही बोलायचं ते बोलून झालंय. देवमाणूस होत्या, गोरगरिबांच्या डॉक्टर होत्या, वगैरे. मी त्यांचा दीर. त्यांच्या दवाखान्याच्या खाली माझं औषधांचं दुकान. मला विचाराल तर त्या माझ्या डोक्याला ताप होत्या, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी बोललेलो असल्यामुळं आता लिहायलाही मला संकोच नाही.

डॉक्टर शैलजा ही धारूरच्या एका शाळामास्तरांची मुलगी. अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकली, पुढं लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेतलं आणि माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको होऊन आमच्या घरात आली. आमचं घर व्यापाऱ्यांचं. सकाळी कपाळाला विभूती लावायची, शंभू महादेवाचं नाव घ्यायचं आणि दुकानाचं शटर वर करायचं, एवढाच आमचा धर्म. अण्णा कॉलेजात इतिहास शिकवायचे, तेवढाच काय तो अपवाद. घरात डॉक्टर सून येणार म्हटल्यावर वडिलांनी लगेच खालचा गाळा मला औषधांच्या दुकानासाठी काढून दिला आणि वरचा मजला दवाखान्याला. वर चिठ्ठी लिहायची, खाली औषध विकायचं. व्यापाऱ्याच्या डोक्यात यापेक्षा सुंदर चित्र येऊ शकत नाही. पण वहिनी चिठ्ठ्याच लिहीनात. सर्दीला काही नाही, तापाला एक गोळी, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी. बायका खाली येऊन मलाच विचारायच्या, "बाईनं काहीच न्हाई लिहून दिलं, तुमीच द्या काहीतरी." मी वर बघायचो. जिन्यात वहिनी उभ्याच असायच्या.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथं काचेच्या दोन पेट्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेली लेकरं त्यांत ठेवायची. तेव्हा आमच्या जिल्ह्यात सातव्या महिन्यात झालेलं मूल म्हणजे लोक गेलंच असं धरून चालायचे. तळहातावर मावेल एवढं लेकरू, अंगावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. वहिनी आईचं दूध वाटीत काढायला लावायच्या आणि नळीतून थेंब थेंब पोटात सोडायच्या. कैक लेकरं श्वास धरायची, वजन घ्यायला लागायची, घरची माणसं नाव काय ठेवायचं याची चर्चा सुरू करायची... आणि मग एके दिवशी पोट फुगायचं. टणक व्हायचं, निळं पडायचं, शीतून रक्त जायचं. आतडंच आतून सडत जायचं. जगलं जगलं म्हणताना लेकरू हातातून जायचं. वहिनींना त्या पोट फुगण्याची एवढी चीड होती की जेवताना कुणी "पोट फुगलं" म्हटलं तरी ताट सोडून उठायच्या.

नव्वदनंतर गावात सगळंच नवं यायला लागलं. कोपऱ्या-कोपऱ्यावर पिवळे टेलिफोन बूथ, घरांवर केबलच्या वायरी, आणि माझ्या दुकानात रोज एक नवी कंपनी. टाय लावलेली पोरं मोटारसायकलवर बॅग अडकवून यायची. त्यातच त्या पुड्या आल्या. चांगल्या जंतूंच्या पुड्या, आता ज्याला सगळे प्रोबायोटिक म्हणतात त्या. तेव्हा आम्ही नुसतं "जंतूंची पुडी" म्हणायचो. जुलाबाला, अँटिबायोटिकच्या जोडीला, गावातला प्रत्येक डॉक्टर त्या लिहून द्यायला लागला. वहिनी सोडून. आणि गंमत अशी की गावात त्या पुडीवर मनापासून विश्वास असणाऱ्या एकट्या वहिनीच होत्या. औरंगाबादला कसल्याशा चर्चासत्रात त्यांनी ऐकलं होतं की कमी दिवसांच्या लेकरांच्या पोटात असे जंतू आधीच सोडले तर ते पोट फुगणं कदाचित टळू शकतं. परत आल्या त्या तरारूनच. मला समोर बसवून सांगायला लागल्या, "भाऊजी, एसटी लागली की लोक काय करतात? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. पुरे दिवस भरलेलं लेकरू आईकडून चांगले जंतू घेतं, ते जागा धरून बसतात. ह्या कमी दिवसांच्या लेकराचं आतडं म्हणजे रिकामी एसटी. आईचा हात न्हाई, छाती न्हाई, वरून अँटिबायोटिक. मग दवाखान्यातले गुंड जंतू आधी चढतात. आपण आधी रुमाल टाकायचा." मी म्हणालो, मग टाका की, माझ्याकडं चार कंपन्यांचे रुमाल पडलेत.

तिथून माझा छळ सुरू झाला. प्रत्येक कंपनीची एक-एक पुडी वर गेली. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या वाट्या घेतल्या, तापवून कोमट केलेलं दूध ओतलं आणि प्रत्येक वाटीत एक पुडी टाकली. वर झाकणं ठेवली आणि झाकणांवर कंपन्यांची नावं चिकटवली. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. सगळ्या वाट्यांत दूध जसंच्या तसं होतं. एकीत थोडं फाटल्यासारखं दिसत होतं, बस्स. "बघा," म्हणाल्या, "ह्यातले जंतू मेलेत. जिवंत असते तर दूध आंबलं असतं. तुमी लोकांना मेलेले जंतू विकताय." मी म्हणालो, "मी कुठं मारले?" तर म्हणाल्या, "फ्रिज कुठं चालू असतो तुमचा?" गावाच्या डोक्यावर औष्णिक केंद्राच्या चिमण्या उभ्या, राख आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर, आणि वीज मात्र दिवसातून कितीदा जाईल त्याचा भरवसा नाही. मी फ्रिजला बॅटरी जोडली. बर्फाची लादी आणून ठेवायला लागलो. पुड्या ज्या खोक्यातून एसटीनं यायच्या ते खोकं उन्हात टपावर नको, कंडक्टरशेजारी ठेवा, म्हणून स्टँडवर जाऊन विनवण्या करायला लागलो. आणि वहिनी रोज जिन्यातून ओरडून विचारायच्या, "भाऊजी, नव्या पुडीचं दही लागलं का?" दुकानातली गिऱ्हाइकं चमकून वर बघायची. त्यांना वाटायचं, आमच्यात दह्याचाही धंदा सुरू झालाय.

एका कंपनीचा संजय नावाचा पोरगा यायचा. बिचारा नम्र होता. वहिनींनी त्याला वाट्यांपुढं उभं केलं. तो म्हणाला, "मॅडम, हे प्रॉडक्ट दही लावायला नसतंय."

"मग कशाला असतंय?"

"आतड्यात जाऊन काम करतंय ते."

"दुधात ज्याला जीव न्हाई ते आतड्यात जाऊन जिवंत व्हतंय का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी औषधांच्या खोक्यांवरची धूळ झटकायला लागलो. शेवटी त्यानं कबूल केलं की एसटीत खोकं तापत असेल, आणि पुढच्या वेळी स्वतः थर्मासमध्ये घालून पुड्या आणतो म्हणाला. आणि आणल्याही. त्या वाटीत दही लागलं. घट्ट, पांढरंशुभ्र. मी बोट लावून चाखलं. मला इतका आनंद झाला की संजयला मी स्वतःच्या हातानं चहा पाजला. वहिनींनी वाटी उजेडात धरून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "ठीक. आता तपासायला पाठवते." अंबाजोगाईला त्यांची शिकत असतानाची एक मैत्रीण सूक्ष्मजंतूंचा विषय शिकवायची. तिच्याकडं चार-दोन पुड्या पाठवायच्या, आत सांगितलेला जंतू आहे का आणि न सांगितलेलं आणखी काही आहे का ते बघायचं, आणि मगच लेकराला द्यायचं. मी कपाळावर हात मारला. पण वहिनींचं म्हणणं ठाम होतं. मोठ्या माणसाच्या पोटात थोडी घाण गेली तर तो एक दिवस हगंल, पण ह्या लेकराच्या पोटातून ती थेट रक्तात जाईल.

तो निरोप यायचा होता, आणि त्याच आठवड्यात सुमनला, माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या. सातवा महिना नुकता लागलेला. जुळं होतं. एक मुलगा, एक मुलगी. वहिनींनी दोघांना दोन पेट्यांत ठेवलं. मायनं, म्हणजे आमच्या आईनं, मुलाला पाहिल्या पाहिल्या शंभू म्हटलं आणि मुलीला गौरी. नाव ठेवायची घाई करू नको असं अण्णा म्हणत होते, पण माय ऐकणारी नव्हती. ती मध आणि बाळघुटी घेऊन वर गेली. वहिनींनी दारातच अडवलं. सासू-सुनेचं असं कधी झालं नव्हतं. माय म्हणाली, "मी चार लेकरं वाढविली." वहिनी म्हणाल्या, "हो, पण ती पुऱ्या दिवसांची व्हती. ह्यांना फक्त सुमनचं दूध. दुसरं काही म्हंजे काहीच न्हाई." माय रडत खाली आली आणि पायरीवर बसून राहिली. सुमन बिचारी अंगात ताप असताना वाटीत दूध काढत होती. चमचाभरही निघायचं नाही, तरी वहिनी तेवढ्यासाठी तिची पाठ थोपटायच्या.

मला मात्र खाली फ्रिजमध्ये ठेवलेली ती पुडी दिसत होती. मी वर गेलो.

"वहिनी, दही लागलं व्हतं ना त्या पुडीचं?"

"लागलं व्हतं."

"मग द्या की शंभूला अन गौरीला."

"अंबाजोगाईचा निरोप येऊ द्या. दोन-चार दिवसांचा तर सवाल हाय."

"तुमीच म्हणता, जागा आधी धरायला पाहिजे. मग उशीर कावून?"

त्यांनी पेटीच्या काचेतून आत बघितलं. मग म्हणाल्या, "रुमाल टाकायला पाठवायचा तो माणूस ओळखीचा पाहिजे, भाऊजी. चोराच्या हातात रुमाल देऊन पाठवू का?"

"चोर हाय असं कुठं दिसलं?"

"न्हाई असं बी कुठं दिसलं. अजून मी कुणाच्याच लेकराला दिली न्हाई. घरच्या लेकरावर पहिल्यांदा बघू का मी?"

मी अण्णांना मधे घातलं. अण्णा म्हणाले, तिचं तिला कळतं. हे अण्णांचं नेहमीचं. मी टेलिफोन बूथवर जाऊन अंबाजोगाईला फोन लावला. वहिनींच्या मैत्रिणीनं सांगितलं की जंतू वाढायला त्यांचा वेळ घेतात, घाई करून भागत नाही. जंतूंनासुद्धा वहिनींचाच स्वभाव लागला होता...

शंभूचं पोट फुगलं. वहिनींनी दूध बंद केलं, सलाईन, अँटिबायोटिक, जे करायचं ते सगळं केलं. औरंगाबादला न्यायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, लेकरू रस्त्यात टिकणार नाही. खोलीतून हलल्या नाहीत. जेवण वर पाठवलं तर ताट तसंच खाली आलं. भर दुपारी मी एका म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध देत होतो, तेव्हा त्या जिना उतरून दुकानात आल्या. कुणाकडून निरोप पाठवला नाही, की वर बोलावून घेतलं नाही. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शंभू गेला, भाऊजी." म्हाताऱ्यानं हातातली बाटली परत काउंटरवर ठेवली आणि टोपी काढली.

पुढं चार-पाच दिवसांनी त्या परत तशाच खाली आल्या. दुकानात कुणी नव्हतं.

"अंबाजोगाईहून निरोप आला," म्हणाल्या. "पुडी स्वच्छ निघाली."

मला आधी नीट समजलंच नाही. "म्हंजे?"

"म्हंजे देता आली असती."

हे मला सांगायची काय गरज होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढं कितीतरी वर्षं कळलं नाही. दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती, घाण निघाली, बरं झालं दिली नाही. किंवा काहीच बोलली नसती. मी कुठं विचारायला जाणार होतो? संध्याकाळी घरात अण्णा पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलेले मी ऐकले. "शैला, न्हाई सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" वहिनी म्हणाल्या, "उद्या मी हीच पुडी दुसऱ्याच्या लेकराला लिहून देणार. तो बाप खाली भाऊजींकडं येणार. भाऊजी आपल्या हातानं त्याला देणार. मग त्यांना माहीत नको?"

आणि तसंच झालं. गौरी अजून पेटीतच होती. तिला ती पुडी सुरू झाली, आणि पुढच्याच आठवड्यात धारूरच्या डोंगरातला एक तरुण बाप वहिनींची चिठ्ठी घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. मी फ्रिज उघडला, पुडी काढली, बर्फाच्या तुकड्यासोबत कागदात गुंडाळली आणि त्याला सांगितलं, खिशात घालू नको, हातातच धरून वर जा. तो गेला. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिलो. मला त्याचा राग आला नाही. त्याचं लेकरू जगावं असंच मला वाटत होतं. राग वहिनींचाच आला, की या बाईनं हे काम माझ्याकडूनच करून घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. त्याही कामापुरतंच बोलल्या. फक्त दर नव्या खोक्याला जिन्यातून तोच प्रश्न यायचा, दही लागलं का. आणि मी खालून ओरडून सांगायचो, लागलं, किंवा न्हाई लागलं.

पुढचं वाचून कुणाला बरं वाटणार असेल तर सांगतो. सहा-आठ महिन्यांनी नवी खोकी आली. त्याच कंपनीची, तोच रंग, तेच चित्र, संजयच्याच थर्मासमधून आलेली. दही उत्तम लागलं. वहिनींनी पुड्या अंबाजोगाईला पाठवल्या, आणि यावेळी मैत्रिणीनं निरोपाऐवजी एक काचेची बशीच बंद करून पाठवली. वहिनींनी मला वर बोलावलं. "बघा," एवढंच म्हणाल्या. बशीत काळी-हिरवी बुरशी उठली होती, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येते तशी. ही बुरशी त्या पुडीतून आली होती, ज्या पुडीचं दही मी पुन्हा बोटानं चाखलं होतं. हे खोकं आधी आलं असतं आणि ते नंतर, तर... वहिनींनी तसं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. सगळं खोकं मी संजयच्या हवाली केलं. त्यानं पुढं ती नोकरी सोडली आणि मोबाईल फोनचं दुकान टाकलं. त्यात वाट्या लावत नाहीत, असं मला भेटला की म्हणतो.

त्या खोलीतली सगळी लेकरं काही वाचली नाहीत. काही तरीही गेली. पण पोट फुगून जाणारी पहिल्यापेक्षा कमी झाली, असं आम्हाला वाटायचं. आम्हाला म्हणजे मला, सुमनला, अण्णांना. वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "आईचं दूध आता बायका नीट काढतात, लेकरांना छातीशी बांधून ठेवतात, आपण बी सुधारलो. पुडीचा वाटा किती, ते मला सांगता येत न्हाई." एका मोठ्या कंपनीचा साहेब औरंगाबादहून गाडी घेऊन आला होता. डॉक्टरांच्या सभेत पुडीबद्दल दोन चांगले शब्द बोला म्हणत होता. जायला-यायला गाडी, राहायला हॉटेल. वहिनींनी त्याला चहा दिला आणि विचारलं, तुमच्या पुडीत जंतू किती जिवंत असतात ते तुमी स्वतः कधी बघितलंय का. तो चहा अर्धा ठेवून गेला. त्याच्या कंपनीच्या मालावर मला चांगली सूट मिळत होती, ती त्या दिवसापासून बंद.

गौरी मोठी झाली. अशक्त होती, चष्मा लवकर लागला, पण जिद्दीची निघाली. शाळेतून आली की दप्तर टाकून वरच जायची. काकूचं आणि तिचं काय गूळपीठ होतं कुणास ठाऊक. माझ्याशी तुटक बोलणाऱ्या वहिनी तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायच्या. सुमनच्या मनात वहिनींबद्दल काहीच नव्हतं. ती म्हणायची, मी त्यांना त्या खोलीत बघितलंय, तुमी न्हाई बघितलं.

मग बऱ्याच वर्षांनी मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत कमी दिवसांच्या लेकरांना असे जंतू द्यायला लागले, अशा बातम्या यायला लागल्या. औषधवाल्यांच्या मासिकात एकदा दोन पानं आली. मी ते मासिक घेऊन वर गेलो. वहिनींचे केस तोवर पांढरे झाले होते, पेट्यांची खोली बंद झाली होती, कारण आता असली लेकरं थेट मोठ्या गावाला नेतात. मी मासिक त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"बघा. आता सगळे देतात."

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. "सगळे न्हाई देत. अजून भांडतायत. कोणता जंतू, किती, कुठल्या कंपनीचा..."

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा."

"तेव्हा दिली असती तर शंभू वाचला असता का?"

मला वाटलं होतं त्या चिडतील, किंवा रडतील. त्यांनी चष्मा काढला. "माहीत न्हाई, भाऊजी."

"एवढी वर्षं झाली. अजून माहीत न्हाई?"

"न्हाई."

"मग नुसतं 'न्हाई, वाचला नसता' असं तरी म्हणा. मला काय कळणाराय?"

"तुमाला न्हाई कळणार. मला कळंल."

मी म्हणालो, मग 'वाचला असता' असं म्हणा, मी तुमाला शिव्या देतो आणि मोकळा होतो. त्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या, थोडंसं. म्हणाल्या, "शिव्या तशा बी द्या की. त्याला पुरावा कशाला पाहिजे." खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज विचार करते मी त्याचा. तेवढं माहीत हाय." त्या दिवसापासून आमचं बोलणं पूर्वीसारखं झालं, म्हणजे भांडणं पूर्वीसारखी व्हायला लागली. आणि मनातली अढी गेली का, असं कुणी विचारलं तर माझंही उत्तर तेच... माहीत नाही.

समाधीच्या वेळी, म्हणजे वहिनींना मातीत ठेवलं त्या दिवशी, धारूरहून, तलवाड्याहून, कुठून कुठून माणसं आली. दाढी-मिशावाले तगडे बाप्ये पुढं येऊन सांगत होते, मी बाईच्या पेटीतला. एकेकाचं वजन आता पोत्यासारखं. मला त्यांच्याकडं बघून पुन्हा राग यायला लागला, कशाचा ते मला धड सांगता येणार नाही.

परवा अण्णांनी ती मागची खोली रिकामी करायचं काढलं. पेट्या एका संस्थेला द्यायच्या ठरल्या आहेत. गौरी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती, तीही माझ्याबरोबर वर आली. त्या खोलीच्या दाराबाहेर एक बेसिन आहे, नळाची दांडी कोपरानं ढकलता येईल अशी लांब. वहिनींच्या राज्यात कुणालाही, नवऱ्याला, आमदाराला, सासूला, हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय आणि हवेवर वाळवल्याशिवाय आत पाय ठेवता यायचा नाही. टॉवेल चालायचा नाही. मी बाह्या वर केल्या आणि नळाची दांडी ढकलली. बऱ्याच दिवसांनी पाणी आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. गौरी तशीच पुढं होऊन कडी काढायला लागली.

"हात धू," मी म्हणालो.

"बाबा, आत कुणी न्हाई."

"धू म्हणलं ना."

तिनं माझ्याकडं बघितलं, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि साबण घेतला. नखांपासून, बोटांच्या बेचक्यांपासून, कोपरापर्यंत... न सांगता बरोबर त्याच क्रमानं. मग आम्ही दोघं ओले हात वर धरून बंद दारापुढं उभे राहिलो, वाळेपर्यंत.